करारनाम्यावर सही करण्यापूर्वी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नव्या इमारतीत घर पसंत केल्याचे तुझे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. मात्र 'करारनामा सगळ्यांचा सारखाच असतो, फक्त सह्या करा' असे विक्री कार्यालयात सांगितल्याचे वाचून मी थबकलो, कारण ते अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात रेरा कायद्याखाली (घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा स्थावर संपदा कायदा) नमुना करारनामा ठरवून दिलेला असला, तरी विकासक त्यात आपली कलमे घालतो आणि खरेदीदाराचे नुकसान बहुधा याच भर घातलेल्या ओळींत दडलेले असते. म्हणून महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरचा नमुना शेजारी ठेव आणि कलमामागून कलम ताडून पाहा.

त्याआधी एक गोष्ट. २०१६ च्या या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. 'आधी २० टक्के भरा, मग नोंदणी करू' अशी मागणी आली, तर नम्रपणे पण ठाम नकार दे.

सर्वाधिक वेळ ताब्याच्या तारखेवर घालव. ती दिवस, महिना आणि वर्षासह लिहिलेली असावी. रिकामी जागा मुळीच नको. रेरा कायद्याच्या कलम १८ खाली तुझा हक्क या तारखेवरच उभा आहे. विलंब झाला, तर तुला व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडता येते किंवा घर राखून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च 'एमसीएलआर'पेक्षा (कर्जाचे व्याज ठरवताना बँक वापरते तो आधारदर) २ टक्के अधिक असते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला) येण्यापूर्वीच 'अंतर्गत सजावटीसाठी' किल्ली देऊन तोच ताबा मानणारे कलम दिसले, तर ते काढून टाकायला सांग, कारण त्या एका वाक्याने विलंबाची मोजणी थांबवण्याचा प्रयत्न होतो.

क्षेत्रफळाच्या बाबतीत केवळ रेरा चटई क्षेत्राचा (कार्पेट एरिया, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) आकडा धर. त्यात घरातल्या आतील भिंती येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची येत नाही. बांधून झाल्यावर प्रत्यक्ष क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक नमुन्यात गृहीत धरलेला आहे आणि त्याप्रमाणे किंमत कमी-जास्त होते. हप्त्यांचे कोष्टकही नमुन्याशी जुळव: करारनाम्यानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ पर्यंत, सर्व स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत आणि उरलेली रक्कम पुढच्या टप्प्यांत, शेवटचा भाग ताब्याच्या वेळी.

परिशिष्टे कंटाळवाणी वाटतात, पण माझी फसगत तिथेच झाली. माझ्या करारनाम्यात 'एक आच्छादित वाहनतळ' एवढेच शब्द होते. ताबा घेतला, तेव्हा माझ्या जागेच्या कडेला इमारतीचा खांब उभा होता आणि गाडी लावली की चालकाचे दार वीतभरच उघडे. वर्षानुवर्षे मी शेजारच्या दाराने उतरलो, कारण मोजमाप कुठेच लिहिलेले नसल्याने तक्रारीला आधार नव्हता. २०२४ पासून महारेराने वाहनतळाची लांबी, रुंदी, उंची आणि नेमके स्थान करारनाम्याला जोडणे बंधनकारक केले आहे. तो नकाशा हातात घेऊन जागेवर जा आणि फितीने मोज. सोयीसुविधांच्या यादीत 'किंवा तत्सम दर्जाचे' असे शब्द आले, तर फरशी, खिडक्या आणि नळ यांचा प्रकार व दर्जा स्पष्ट लिहून माग. माहितीपत्रकातले जे काही तुला महत्त्वाचे वाटते, ते या यादीत आलेच पाहिजे.

दोषदायित्वाचे कलम थोडक्यात पाहिलेस तरी चालेल: ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातील दोष कळवल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. ही मुदत कमी केलेली नाही ना, एवढीच खात्री कर.

मसुदा सर्व परिशिष्टांसह मागून घे आणि सही करण्यापूर्वी निदान आठवडाभर स्वतःजवळ ठेव. न समजलेल्या कलमांसमोर पेन्सिलीने खूण करून ती पाने मला पाठव. आपण दोघे मिळून ती वाचू आणि मग स्वतंत्र वकिलाकडे, विकासकाने सुचवलेल्या नव्हे, घेऊन जाऊ.

तुझा शुभचिंतक