चौकोनी घर सोडून गोल झोपडी का?

प्रश्न : सर, इनामगावला आधी चौकोनी घरं होती आणि शेवटी गोल झोपड्या आल्या, असं मुलीला शाळेत सांगितलं. माणूस झोपडीतून घरात जातो, हे उलटं कसं? हवामान बदललं होतं म्हणतात, मग गोल घर जास्त थंड राहतं का? – एक वाचक, दौंड

उत्तर : थंडाव्याचा फारसा संबंध नाही. काटक्यांच्या भिंतीचा कूड तोच, वरचं गवतही तेच. कोपरे गेले म्हणून वैशाख कमी भाजत नाही.

इनामगाव तुमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी हे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली, आणि शंभराहून जास्त घरं उघडी झाली. चौकोनी घराची रीत अशी : खाली बुटकी मातीची भिंत, वर लिंपलेला कूड, त्यावर गवती छप्पर. पर्जन्यछायेच्या मुलखाला हे पुरतं. हीच भिंत कोकणात बांधा आणि आषाढ संपल्यावर शोधायला जा!

पण मी विद्यार्थ्यांना भिंतीआधी धान्याची जागा बघायला सांगत असे. कणगी ठेवायचे ओटे, चुन्याने लिंपलेली पेवं, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे. इ.स.पू. १४०० ते १००० या भरभराटीच्या काळात इथे पुराचं पाणी वळवायला पाट होता, सातू आणि गहू पिकत होता, घरं रांगेत होती आणि मध्ये बोळ होते. पेव भरलेलं असेल तर माणूस मेढी रोवतो, आढं म्हणजे छपराचं माथ्यावरचं आडवं लाकूड चढवतो, पक्कं बसतो.

इ.स.पू. १००० नंतर शेती आटलेली दिसते, शिकार आणि शेळ्या-मेंढ्यांवरचा भर वाढतो. गोल झोपड्या नेमक्या याच थरांत येतात. आता हिशेब करा. पाच बाय तीन मीटरच्या घराला १६ मीटर भिंत लागते. तेवढंच क्षेत्रफळ गोलात बसवलं तर पावणेचौदा मीटरच्या आत काम होतं. गोलाला आढं नको, लांब सरळ लाकूड नको, सुतार नको. ज्याला पुढच्या वर्षी इथे राहू की नाही याची खात्री नाही, त्याने आढ्यासाठी झाड का तोडावं? हवामान थेट छपरावर आलं नाही. आधी पेवात शिरलं आणि तिथून घराच्या आकारात उतरलं. उलटी प्रगती वगैरे काही नाही. त्या माणसांचं डोकं शाबूत होतं, धान्य कमी होतं.

पाऊस खरोखर किती घटला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ढवळीकरांनी अवर्षणाची बाजू जोरात मांडली, इतरांनी तिच्यावर आक्षेप घेतले. मला ढवळीकरांचं म्हणणं पटतं, पण मुलीला ते 'सिद्ध झालं' म्हणून सांगू नका.

प्रश्न : काश्मीरमधल्या बुर्झहोम या अश्मयुगीन वस्तीचे लोक थंडीमुळे खड्ड्यात राहत होते, हे खरं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : बरीच वर्षं तसंच शिकवलं गेलं, मीही शिकवलं. तिथला सर्वांत मोठा खड्डा तोंडाशी २.७४ मीटर, तळाशी ४.५७ मीटर रुंद आणि ३.९५ मीटर खोल आहे. तोंडाभोवती खांबांची भोकं आहेत, म्हणजे वर छप्पर होतं. इतक्या खोल जमिनीत हिवाळ्यात ऊब टिकते, हेही खरं. पण १९९७ मध्ये दोन संशोधकांनी शंका काढली, की ही धान्याची कोठारं तर नसतील? तोंड अरुंद आणि तळ रुंद हा आकार पाहिलात तर मराठवाड्यातला कुठलाही जुना शेतकरी त्याला पेवच म्हणेल. एवढ्या अरुंद तोंडाखाली चूल पेटवून हिवाळा काढायचा, तर धुराचं काय करायचं, हे मला कुणी सांगावं. लहान, उथळ खड्ड्यांबद्दल मात्र मी इतका हट्ट धरणार नाही.