हंगाम अर्ध्यावर आला आणि संघ हरतोय, तर बेसबॉलमध्ये कोणाला ट्रेड करावं, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात त्यांचे खेळाडू घ्यावेत?

ज्यांचा करार याच हंगामाअखेर संपतोय, त्यांना आधी. त्यातही क्लोजर, म्हणजे जिंकत आलेला सामना शेवटच्या डावात राखणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू). तुम्ही सहाव्या डावातच 7-2 ने मागे असाल तर तो बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर थांबतात त्या जागेत, जाकीट घालून नुसता बसून राहतो. जेतेपदाच्या मागे लागलेल्या संघाला मात्र तोच सोन्याच्या मोलाचा वाटतो.

न्यूयॉर्कच्या संघाचं, यांकीजचं, 2016 बघा. जुलैअखेर जेमतेम निम्मे सामने जिंकलेले. त्यांनी आपला क्लोजर अरॉल्डिस चॅपमन शिकागो कब्ज या संघाला दिला आणि बदल्यात चार खेळाडू घेतले, त्यात 19 वर्षांचा ग्लेबर टोरेस. कब्जनी 108 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे जेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली, आणि डिसेंबरमध्ये करारातून मोकळ्या झालेल्या चॅपमनला यांकीजनी परत घेतलं! टोरेस 2018 आणि 2019 मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. मला हा व्यवहार मनापासून आवडतो.

करार अजून तीन-चार वर्षं शिल्लक असलेल्या तरुण खेळाडूला मात्र हात लावू नका, पुढचा संघ त्याच्याभोवतीच उभा राहणार. आणि ट्रेडची मुदत चुकवू नका. करार संपून खेळाडू निघून गेला, की हाती फार तर ड्राफ्टमधली (नवे खेळाडू संघांमध्ये वाटण्याच्या निवडीतली) एखादी जादा निवड उरते.