काळ्या मातीच्या परड्यात कृत्रिम गवत घालायचंय, पाण्याचा निचरा कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत घरामागं २० बाय ३० फुटांचं परडं आहे, माती काळी आहे आणि पावसाळ्यात नुसती राड होते. दुकानदार म्हणतो, ‘वरची माती काढू, मुरूम टाकून रोलर फिरवू आणि त्यावर गवत अंथरू. गवताला खालून भोकं असतात, पाणी जिरून जाईल.’

भोकांतून पाणी खाली उतरेल हे खरं, पण पुढं जिरणार कुठं? मी बेळगावात अंगण-परड्यांची कामं करतो. खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत ही पद्धत बऱ्याचदा चालून जाते. तुमच्याकडच्या काळ्या मातीत चालत नाही. ही माती उन्हात आकसून भेगाळते आणि पाण्यानं फुगते. एकदा फुगली की भेगा मिटतात आणि पाणी जवळजवळ उतरतच नाही. खात्री करायची असेल तर दीड फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, ते आटलं की पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच दिसलं तर शोषखड्ड्यावर एक रुपयाही घालू नका, तोही तसाच भरून राहील.

अशा मातीत सहा इंच उकरलं म्हणजे जमिनीत एक परातच तयार होते. हिशेब करा. ६०० चौरस फुटांवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण १४०० लिटर पाणी होतं. चार इंच जाडीची खडी म्हणजे २ ब्रास (२०० घनफूट), तिच्या पोकळीत फार तर दोन-सव्वादोन हजार लिटर मावेल. आर्द्रा-पुनर्वसूची झड लागली की दोन दिवसांत परात काठोकाठ भरते आणि मग पाऊस थांबला तरी गवताखाली पाणी तुंबून राहतं. म्हणून उतार फक्त वरच्या थराला देऊन भागत नाही. उकरलेल्या मातीच्या तळालाच उतार हवा. बहुतेक ठिकाणी तळ कसाही सोडतात आणि वरची खडीची चुरी तेवढी लेव्हलमध्ये सारखी करतात. काम तिथंच बिघडतं.

वडगावात एका घरी असंच घातलेलं गवत उचलायला मला बोलावलं होतं. वरून हिरवंगार दिसत होतं. कोपरा उचलला आणि आधी कुबट वास आला. खालचा मुरूम काळ्या चिखलात मिसळून गेलेला, अंगठ्यानं दाबला की पाणी वर यायचं. माती आणि मुरमाच्या मधे कापड घातलेलं नव्हतं. चारी बाजूंनी सिमेंटची कड होती आणि तिला पाणी जायला एकही भोक ठेवलेलं नव्हतं.

तुमच्या जागेत असं करा. घराच्या पायापासून लांब जाणारा उतार धरा, दर १० फुटांना दीड ते दोन इंच. गवंड्याला पाण्याच्या नळीनं लेव्हल काढायला लावा, नजरेच्या अंदाजावर सोडू नका. उताराच्या खालच्या कडेला फूटभर रुंद, फूटभर खोल चर मारा. माती दाबून घेतली की तळावर आणि चरीतही जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा, दोन पट्ट्या एकमेकींवर फूटभर चढवून. हे कापड वगळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, खडी मातीत रुतण्यापासून तेच वाचवतं. चरीत भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाईप घाला. भोकं खाली ठेवा, पाईपलाही उतार द्या आणि भोवती खडी भरा. मग सगळीकडं २० मिलिमीटरची खडी चार इंच आणि वर बारीक चुरी इंचभर, दाबून. मुरूम नको, तो दाबला की घट्ट बसतो आणि पाणी अडवतो. क्रशरची पिठासारखी डस्टही नको. छपराच्या पन्हळीचं पाणी या परड्यात सोडू नका, त्याला वेगळा पाईप काढा.

रोल उघडण्याआधी नळी लावून तासभर पाणी सोडा आणि पाईपच्या तोंडाशी उभं राहून ते बाहेर येतंय का बघा. गवत घातल्यावर दुरुस्ती फार महाग पडते.

काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा मातीत थोडी ओल असते, ती नीट दाबली जाते. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर थर रचले तर मृगात ती फुगून वरचं सगळं उचलते.

एप्रिल-मेच्या दुपारी हे गवत अनवाणी पायाला चटके देतं, लहान मुलं असतील तर याचा विचार आधीच करा. फक्त चिखल टाळायचा असेल तर मी हरळी लावायला सांगेन. काळ्या मातीत ती जोमानं येते, खर्चही थोडा. मात्र निचऱ्याची चर तिलाही लागेलच.

आता एकच गोष्ट तुम्हाला मोजावी लागेल: पाईपचं तोंड जिथं सोडणार त्या गटाराची पातळी. ऐन पावसात गटार तुडुंब वाहत असताना त्यातलं पाणी तुमच्या चरीच्या तळाच्या खाली राहायला हवं, नाहीतर ते उलटं आत येईल. गटार वर असेल तर उकरायचंच नाही, सगळे थर आहे त्या जमिनीवर चढवून परडं उंच करायचं, पाणी शेजाऱ्याकडं जाणार नाही याची काळजी घेऊन. पातळी मोजून इथं कळवा, मग किती उंच करायचं ते सांगतो.