तीसपर्यंतचे पाढे राहू देत, आधी वड्या मोजा

अगं, तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं आणि मग थोडा रागही आला. "ताई, मुलगा इयर फोरला आहे, जूनमध्ये पाढ्यांची टेस्ट आहे, सासूबाई सांगलीहून रोज व्हिडिओ कॉलवर तीसपर्यंत पाढे म्हणून घेतात, शाळेत मात्र नुसते चौकोन काढायला लावतात आणि सात आठे किती विचारलं की हा रडायलाच लागतो. नापास झाला तर?" असं लिहिलंयस तू.

पहिली गोष्ट, त्या टेस्टमध्ये पास-नापास नसतंच. २०२२ पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांत ती सक्तीची झाली, कॉम्प्युटरवर २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, आणि १२ गुणिले १२ च्या पुढे काही विचारत नाहीत. मग त्या आठ-नऊ वर्षांच्या जिवाला सत्तावीसचा पाढा कशाला गं?

आणि चौकोनांना "नुसते" म्हणू नकोस, खरं गणित तिथंच आहे. या शनिवारी नारळाच्या वड्या कर आणि कापायला त्यालाच दे. आठ-आठ वड्यांच्या सात ओळी. मग पाच ओळींनंतर सुरी आडवी ठेव. वरच्या पाच ओळी म्हणजे ४०, खालच्या दोन म्हणजे १६, झाले ५६. आता ताट फिरव, सातच्या आठ ओळी दिसतील आणि वड्या तेवढ्याच, म्हणजे सात आठे आणि आठ साते वेगवेगळे पाठ करायची गरजच नाही हे त्याचं त्यालाच कळेल. बारापर्यंतची १४४ उत्तरं अशी ७८ वर येतात, त्यातले एक, दोन, पाच, दहाचे सोपे काढले की उरतात ३६. तीही एकमेकांपासून सुटी नाहीत, चारचा पाढा दोनच्या दुप्पट, आठचा चारच्या दुप्पट, आणि नऊ साते हवं तर दहा साते सत्तरमधून सात काढायचे, ६३.

आमच्या लेकीला असंच शिकवलं. पाढे तोंडपाठ व्हायला तिला वेळ लागला, घरात बोलणीही बसली, पण चौदा सक विचारलं तर साठ आणि चोवीस, चौऱ्याऐंशी असं ती स्वतःच जुळवायची, आणि पुढे अल्जिब्रात कंस सोडवायची वेळ आली तेव्हा तिला ते नवीन वाटलंच नाही, कारण कंस सोडवणं म्हणजे तेच ताट कापणं. उलट माझ्या दिरांना तीसपर्यंत खडाखडा येतं, पण साडेचार बाय साडेतीन मीटरच्या खोलीला कार्पेट किती लागेल म्हटलं की फोन शोधतात.

पाठांतर नकोच असं मी म्हणत नाहीये हं. सहा सेकंदांत उत्तर यायचं तर ते तोंडात बसलेलं हवंच, आणि आपल्या बे एके बे, बे दुणे चारची लय त्यासाठी फार चांगली आहे. पण आधी ताट, मग चाल. सासूबाईंना दुखवू नकोस, त्यांचा वेळ आणि माया दोन्ही खरी आहे. त्यांना सांग, आई, आता तुम्ही पाढा म्हणा आणि तो वड्या मांडून दाखवेल. आज सात आठे, उद्या सहा नव्वे, एका दिवशी एकच. आणि उत्तर चुकलं तर "आमच्या वेळी" हे दोन शब्द तुझ्या तोंडून येता कामा नयेत, पत्रात ते तीनदा आलेत.

बाकीचं पटकन. रविवारची मराठी शाळा चालू ठेव, कंटाळा आला तरी. आजीशी तो इंग्लिशमध्ये बोलतो त्याची इतकी काळजी नको, वड्या मोजताना मराठी आपोआप निघेल. ग्रामर स्कूलसाठी, म्हणजे प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळेसाठी, घर बदलायचं का ते आत्ता नको, इयर फाइव्हमध्ये बघू. आणि सांगलीची तिकिटं जुलैअखेर शाळा सुटल्यावरचीच काढा, टर्म चालू असताना नेलंत तर दंड बसू शकतो.