गाऊनच्या सिल्कसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: मे महिन्यात वसईच्या चर्चमध्ये माझं लग्न आहे. गाऊन आई घरीच शिवणार. तिने ब्लाउज, फ्रॉक भरपूर शिवलेत, गाऊन पहिलाच. 44 इंच पन्ह्याचं शुद्ध सिल्क सॅटिन 2,200 रुपये मीटर सांगितलंय, 58 इंची पॉलिएस्टर सॅटिन 450 रुपये. हाताशी 12,000 आहेत. 50,000 ची वर्षाची एफडी (7 टक्के) दोन महिन्यांनी पूर्ण होईल. ती मोडू की कार्डावर हप्ते करू?

उत्तर: दोन्ही नको. संपूर्ण सिल्कच हवं असेल तर एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल घ्या. बहुतेक बँका एफडीच्या दरावर 1 ते 2 टक्के जास्त लावतात. एफडीचं व्याज चालूच राहतं, त्यामुळे कमी पडणाऱ्या 10,500 रुपयांना (संपूर्ण सिल्कचे 22,500, हिशोब खाली आहे, वजा हातातले 12,000) दोन महिन्यांचा खरा भुर्दंड साधारण 18 ते 35 रुपयांचा. मोडलीत तर 10 महिन्यांचा कमी दर, त्यातून वर दंड. दोन्ही मिळून 2 टक्के गेले असं धरलं तरी 833 रुपये बुडतात. कार्डाच्या हप्त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी.

म्हणजे व्याजाची चिंता फारशी नाहीच. खरी जोखीम कात्रीची आहे.

अरुंद पन्ह्यामुळे ए-लाइन (खाली पसरत जाणाऱ्या) गाऊनला सिल्क 8 मीटर लागेल. सॅटिनची चमक दिशेनुसार बदलते, म्हणून सगळ्या कळ्या एकाच दिशेने कापाव्या लागतात. एक मीटर जादा धरा. 9 मीटरचे 19,800. अस्तर, मांजरपाट, चेन, बोन (वरचा भाग ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) वगैरे 2,700. एकूण 22,500. त्यातली एक कळी चुकली तर दीड मीटर, म्हणजे 3,300 रुपये गेले. शिवाय सिल्कवर उसवलेल्या टाक्यांची भोकं बुजत नाहीत, वाफेच्या इस्त्रीचा थेंब पडला की डाग राहतो.

मी असं करेन: सिल्क फक्त वरच्या भागाला, 2 मीटर, 4,400. फोटोत तोच भाग जवळून दिसतो. घेराला पॉलिएस्टर सॅटिन 5 मीटर, 2,250. त्यावर 150 रुपयांची मऊ नेट 10 मीटर, 1,500. नेट हवीच, कारण सिल्कचा पांढरा आणि पॉलिएस्टरचा पांढरा कधी जुळत नाही. नेटखाली फरक लपतो. तरी रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दाराशी उजेडात धरा, आणि शक्यतो आयव्हरी घ्या. अस्तर, मांजरपाट वगैरेचे 2,700 धरून बेरीज 10,850. हातातल्या पैशांत बसलं, 1,150 उरले.

अस्तर मात्र सुती. मेमधल्या वसईच्या घामात पॉलिएस्टर अंगाला चिकटेल, आणि सिल्कवर घामाचे डाग उमटतील.

त्या 2,700 पैकी मांजरपाटावर 480 रुपये जातील, ते वाचवू नका. आधी त्याचा अख्खा गाऊन शिवून घ्या, लग्नाच्याच चपला घालून उंची बघा, बसून आणि गुडघे टेकून बघा. तो अंगावर नीट बसल्याशिवाय सिल्कला कात्री लावायची नाही. आईंच्या मशीनवर 14 नंबरची सुई असेल तर 11 ची नवी लावायला सांगा.

घेताना सिल्क मार्कचं (शुद्ध सिल्कची खूण) लेबल मागा, किनारीचा एक धागा जाळून पाहा: केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे सिल्क, वितळून कडक गोळी झाली तर ते पॉलिएस्टर, आणि 2,200 देऊ नका. प्रत्येक प्रकारचं कापड त्याच्या एकाच ताक्यातून, एकाच दिवशी घ्या.