वाचक विचारतात : नवरा पेन्शनीत, बायको अजून नाही

प्रश्न : दादा-वहिनी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. दादा 75, वहिनी 61. दादाला 2017पासून स्टेट पेन्शनच्या जोडीला पेन्शन क्रेडिट मिळतं. मुलीच्या लग्नाला दोन महिने या म्हटलं, तर तो म्हणतो, ‘चार आठवड्यांवर नको, पेन्शन जाईल.’ खरं का? – नौपाडा, ठाणे

उत्तर : जाईल ते पेन्शन नव्हे, पेन्शन क्रेडिट. स्टेट पेन्शन भरलेल्या वर्गणीवर मिळतं, ते ठाण्यात असतानाही चालू राहतं. पेन्शन क्रेडिट म्हणजे उत्पन्न तोकडं असलेल्यांना सरकारी तिजोरीतून मिळणारी भर. 15 मे 2019पासून जोडप्यातलं धाकटं माणूसही पेन्शनच्या वयाचं झाल्याशिवाय पेन्शन क्रेडिटचा नवा अर्ज घेत नाहीत, युनिव्हर्सल क्रेडिटकडे, म्हणजे कमावत्या वयाच्या गरजूंसाठीच्या सरकारी मदतीकडे पाठवतात. जुन्यांचं चालू राहिलं, पण खंड न पडण्याच्या अटीवर. चार आठवड्यांहून जास्त दिवस परदेशी राहायचं ठरवून निघालं की खंड पडतो आणि परतल्यावर केलेला अर्ज नवा ठरतो. जवळच्या नात्यात मृत्यू झाला तर मुदत आठ आठवड्यांपर्यंत वाढू शकते. लग्नासाठी नाही.

आता 2025-26च्या दरांनी हिशेब. पेन्शन क्रेडिट जोडप्याचं उत्पन्न आठवड्याला 346.60 पौंडांपर्यंत नेतं. दादांचं जुनं पूर्ण बेसिक पेन्शन 176.45 धरलं, तर भर 170.15. युनिव्हर्सल क्रेडिटचा जोडप्याचा मूळ दर महिन्याला 628.10, म्हणजे आठवड्याला जेमतेम 145. त्यातून दादांचं पेन्शन पै न् पै वजा होतं, हातात शून्य. घरभाड्याची मदत बाजूला ठेवली तर वर्षाचे सुमारे 8,850 पौंड गेले! शिवाय बचत 16,000 पौंडांवर असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही. पेन्शन क्रेडिटला अशी वरची मर्यादा नाही.

कमावत्या वयाच्या माणसाला काम शोधायचेच नियम लागावेत, असं सरकारचं म्हणणं. 2019चा हा नियम मागे घेतला तर तिजोरीवर कायमचा बोजा पडेल, ही भीती मात्र आम्हाला फुगवलेली वाटते. वहिनी 67च्या, म्हणजे पेन्शनच्या वयाच्या होईपर्यंत सहा वर्षं, म्हणजे याच दराने साधारण 53,000 पौंड. त्यानंतर हे पैसे नियम बदलो न बदलो, द्यायचेच आहेत.

तेव्हा 26 दिवसांचं तिकीट काढा, निघण्याआधी पेन्शन खात्याला कळवा आणि पाचपरतावन, सत्यनारायण त्यातच बसवा.

प्रश्न : यजमान केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त, वय 66. मी 52. माझ्या वयामुळे कुटुंब निवृत्तिवेतन घटेल का? – नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : नाही. शेवटचा मूळ पगार 60,000 असेल तर 30 टक्के, म्हणजे 18,000 रुपये आणि वर महागाई भत्ता. तुम्ही यजमानांमागे 14 वर्षं घेतलंत तर भत्ता सोडून सरकारचे 30,24,000 रुपये होतात, तरी वय आडवं येत नाही. 1 एप्रिल 2025पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत मात्र लग्न निवृत्तीच्या तारखेआधीचं लागतं. जुन्या नियमांत निवृत्तीनंतरचंही चालतं.

घोळ होतो तो पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात. त्यावर तुमचं नाव असतं, पण जन्मतारीख कधी कधी नसते. कुटुंब निवृत्तिवेतनात 80व्या वर्षी होणारी 20 टक्के वाढ तुमच्या वयावर मिळते, तेव्हा तारीख नसेल तर आत्ताच चढवून घ्या. अर्ज बँकेकडे नको, यजमानांच्या शेवटच्या कार्यालयाकडे करा, सोबत आधार किंवा पॅनची प्रत जोडा.