"प्रोफाइल आधीच आलंय" असं उत्तर आलं असेल तर आधी हे तपासा

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या साइटवरून स्वतः अर्ज केला, ओळखीतल्या एकाने आतून रेफरही केलं, आणि तरी उत्तर आलं, "तुमचं प्रोफाइल आमच्याकडे आधीच आलेलं आहे." पुढे शांतता. वर बऱ्याच जणांनी रेझ्युमे सुधारायला सांगितलंय. मला नाही वाटत रेझ्युमेचा इथे काही संबंध आहे. मलाही जवळजवळ याच शब्दांत उत्तर आलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

रेझ्युमे नोकरी लावून देणाऱ्या कोणत्या कन्सल्टन्सीला दिला होतात का? मी दिला होता, "काही चांगलं असेल तर कळवा" एवढंच सांगून. त्यांनी तो मला न विचारता परस्पर वाटला. आता होतं असं, की कन्सल्टन्सी आणि कंपनी यांच्या करारात उमेदवार ज्यांनी आधी पाठवला त्यांचा धरला जातो, बहुधा सहा महिने ते वर्षभर. त्या मुदतीत तुम्ही थेट अर्ज करून लागलात तरी कन्सल्टन्सीवाले कंपनीकडे फी मागू शकतात, आणि फी असते पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत. एचआरला या वादात पडायचं नसतं. यादीत बाकीचे उमेदवार असतातच. तुमचं नाव बाजूला पडतं आणि रेफरल फुकट जातं.

त्याहून वाईट पुढे झालं. दुसऱ्या एका इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या बाईंच्या हातात जो कागद होता तो माझा नव्हताच. वर कन्सल्टन्सीचं लेटरहेड, माझा फोन आणि ईमेल काढून टाकलेला, आणि पदाच्या जागी "टीम लीड". मी ते काम कधी केलेलं नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "टीममध्ये किती जण होते?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतरचे प्रश्न नुसते उपचारापुरते होते. कन्सल्टन्सीला फोन केला तर "क्लायंटचं नाव सांगता येत नाही", "मॅडम मीटिंगमध्ये आहेत", "आमच्या फॉरमॅटमध्ये तसंच येतं". कुठे कुठे पाठवलं याचा ताकास तूर लागू दिला नाही. माझ्या नावावर खोटं लिहिलं याचा राग अजून गेलेला नाही.

सगळे असे नसतात, चांगले कन्सल्टंटही भेटलेत मला. पण आता मी प्रत्येकाला मेलवर लिहूनच देते: कंपनी आणि पद सांगून माझा लेखी होकार घेतल्याशिवाय रेझ्युमे कुठेही पाठवू नये, त्यात बदलही करू नये. फोनवरचं बोलणं धरू नका.

तुम्ही आज त्या एचआरला दोन ओळी लिहा. प्रोफाइल कोणाकडून, कधी आलं ते विचारा आणि त्याला तुमची संमती नव्हती हे स्पष्ट कळवा. ऐकतीलच असं नाही, करार कडक असेल तर हात वर करतील. तुम्ही कुठे आहात ते लिहिलं नाहीत, पण युरोपात असाल तर जीडीपीआर या तिथल्या माहिती-संरक्षण कायद्याखाली कन्सल्टन्सीकडे तुमची कोणती माहिती आहे आणि ती कोणाला दिली हे मागता येतं. साधारण महिन्याभरात उत्तर देणं त्यांना भाग असतं. (मी वकील नाही, नीट खात्री करून घ्या.)

आणि कोणी "रजिस्ट्रेशन"चे पैसे मागितले तर तिथेच थांबा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातही, काही अपवाद सोडून, खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये असंच आहे.

अर्जांची एक शीट ठेवा: कंपनी, पद, तारीख, कोणामार्फत, कोणता रेझ्युमे. जाहिरातही सेव्ह करा, इंटरव्ह्यूपर्यंत ती साइटवरून गेलेली असते. रेझ्युमेचा विषय निघालाच आहे तर, त्याचं दोन कॉलमचं टेम्प्लेट असेल तर सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. तिथे ओळी एकमेकींत मिसळल्या, तर कंपनीच्या अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो तसाच दिसण्याची शक्यता आहे.